वाऱ्याची दुकाने

माणसाला कसला ना कसला नाद असतोच. परगावी गेल्यावर कुणी आधी देऊळ शोधतो, कुणी खाणावळ, कुणी जुन्या पुस्तकांची रद्दी. मला नाद आहे तो दुकानात बसण्याचा. खरेदीचा नव्हे, नुसते बसण्याचा. कोपऱ्यातले एखादे स्टूल मिळावे, येणारी-जाणारी गिऱ्हाइके न्याहाळावीत, मालक कोणाला काय दाखवतो आणि कोणाला काय दाखवीत नाही ते पाहावे, आणि तासाभराने ‘बरंय, येतो’ म्हणून उठावे. यात वेळ फुकट जातो असे आमच्या सौभाग्यवतींचे ठाम मत आहे. पण गावाची नाडी मला दुकानात जितकी लवकर सापडते तितकी दुसरीकडे कुठेही सापडत नाही.

या नादाचे मूळ आमच्या घरातच आहे. मालवणला वडिलांचे दुकान होते. दोर, सूत, जाळ्यांना लावायची शिसे, डांबर, कंदिलाच्या काचा असा सगळा दर्यावर्दी माल. रापणीचा दोर वेगळा, बांगड्याचे सूत वेगळे, खाडीतल्या कोळंबीचे त्याहून वेगळे. वडील गिऱ्हाइकाला जो पहिला प्रश्न विचारीत तो पैशांचा नसे. ‘खंयच्या पाण्यात घालतलंस?’ असे ते विचारीत. उत्तर ऐकून कधी कधी काढलेला गुंडा पुन्हा फळीवर ठेवीत आणि म्हणत, ‘ह्या सूत तुझ्या खाडीक चलाचा नाय.’ आई आतून कुरकुरे, की दारात आलेली लक्ष्मी हे गृहस्थ परत घालवतात. पण गंमत अशी की तेच गिऱ्हाईक चार दिवसांनी आणखी दोघांना घेऊन येई.

मी शिकून भूगोलाचा मास्तर झालो. दुकान दादाने चालवले. पुढे नायलॉनची तयार जाळी थेट होड्यांवर पोहोचू लागली, रापणी कमी झाल्या, आणि २००८ साली दादाने दुकानाच्या फळ्या लावल्या त्या कायमच्या. त्याची मुलगी तेव्हा अकरा-बारा वर्षांची होती. पोरगी हुशार. जलस्थापत्य शिकायला नेदरलंड्समधल्या डेल्फ्टला गेली आणि तिथेच नोकरीला लागली. दादाला कृतकृत्य वाटले. तोच २०२४ च्या मार्चमध्ये तिने घरी कळवले, की नोकरी आता आठवड्यातून तीनच दिवस करीन, उरलेले दिवस समुद्रकाठच्या एका दुकानात भागीदार म्हणून उभी राहीन. दुकान कसले, तर विंडसर्फिंगच्या सामानाचे!

दादाचे डोकेच फिरले. ‘जे दुकान मला टाकावे लागले, त्यातून हिची सुटका व्हावी म्हणून शिकवली, आणि ही पुन्हा गल्ल्यामागे जाऊन बसते!’ मी त्या उन्हाळ्यात आमच्या चिरंजीवांकडे अमेरिकेला निघालो होतो. परतताना नेदरलंड्सला उतरून तिला दोन शब्द सांगण्याची कामगिरी माझ्याकडे आली. वाटाघाटीसाठी माणूस निवडताना माझ्या दुकानच्या नादाचा दादाला साफ विसर पडला असावा.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. विंडसर्फिंग म्हणजे एका फळीवर उभे राहून हातांनी शीड धरायचे आणि वाऱ्यावर पाणी कापीत जायचे. फ्रेंच लोक त्याला सरळ ‘शिडाची फळी’ अशाच अर्थाच्या शब्दांनी ओळखतात, आणि मला तेच नाव आवडले. सुकाणू नाही, वल्हे नाही. फळीच्या पोटाखाली मागच्या बाजूला माशाच्या परासारखी एक फिन असते. डोलकाठी फळीला घट्ट रोवलेली नसते, तर सर्व दिशांना लवणाऱ्या एका सांध्यावर उभी असते. शिडाच्या दोन्ही अंगांनी एक वक्र दांडी जाते, ती धरून शीड पुढे कलते केले की फळी एकीकडे वळते, मागे कलते केले की दुसरीकडे. साऱ्या युक्तीचे मर्म त्या लवणाऱ्या सांध्यात आहे.

ती सुचली कोणाला, यावर पुष्कळ भांडणे झाली. कॅलिफोर्नियात १९६७ साली जिम ड्रेक या विमानविद्येतल्या इंजिनिअराने अशी फळी पाण्यावर चालवून दाखवली, आणि हॉइल श्वाइट्झर या मित्राबरोबर पुढच्या वर्षी पेटंटाचा अर्ज केला. पण पेनसिल्व्हेनियातल्या न्यूमन डार्बी यांनी १९६४ मध्येच शिडाची एक फळी केली होती, आणि इंग्लंडमधल्या हेलिंग बेटावर पीटर चिल्व्हर्स नावाच्या बारा वर्षांच्या मुलाने १९५८ सालीच असा खटाटोप केला होता. त्या मुलाचा खेळ पुढे कोर्टात पुरावा म्हणून आला, आणि १९८० च्या दशकात इंग्लंडमधल्या न्यायालयाने ते पेटंट रद्द ठरवले. मोठ्यांच्या धंद्यात लहान मुलांचे खेळ असे आडवे येतात!

आता अमेरिका. आमचे चिरंजीव ऑरेगन राज्यात पोर्टलंडला असतात. तिथून पूर्वेला शंभर किलोमीटरांवर कोलंबिया नदीच्या काठी हूड रिव्हर नावाचे छोटे गाव आहे. भूगोलाच्या मास्तराने मुद्दाम जाऊन पाहावे असे ठिकाण. पश्चिमेला पॅसिफिकची थंड हवा, पूर्वेला उन्हाने तापलेला कोरडा पठारी मुलूख, आणि मध्ये कॅस्केड पर्वताची भिंत. त्या भिंतीला नदीने पाडलेली खिंड हीच काय ती वाट. उन्हाळ्यात थंड हवा त्या खिंडीतून पूर्वेकडे घुसते ती बोगद्यातून आगगाडी जावी तशी. नदी वाहते पश्चिमेला आणि वारा वाहतो पूर्वेला. त्यामुळे पाण्यात पडलेल्या माणसाला वारा जिकडे ढकलतो त्याच्या उलट प्रवाह त्याला परत आणतो. निसर्गाने जणू खेळाडूंसाठीच ही सोय करून ठेवली आहे.

या गावातल्या एका दुकानात मी दोन दुपारी काढल्या. चिरंजीव नदीवर, मी स्टुलावर. पहिली गोष्ट डोळ्यांत भरली ती ही, की शिडे सारी लहान. चार ते पाच चौरस मीटरांची रांगच्या रांग, तीनची सुद्धा. सातच्या वरची एखादीच, कोपऱ्यात मान खाली घालून उभी. वारा तगडा म्हणून शीड लहान, आणि नदीत उलट्या वाऱ्याने उभ्या लाटा उठतात म्हणून फळ्याही आखूड आणि चटकन वळणाऱ्या. दुसरी मौज मापांची. अमेरिकन माणूस पेट्रोल गॅलनने भरतो, अंतर मैलांत सांगतो आणि वाऱ्याचा वेगही मैलांतच मोजतो. पण दुकानात शिरला की फळी लिटरात, डोलकाठी सेंटिमीटरात आणि शीड चौरस मीटरात! त्यांच्या सरकारला जे साधले नाही ते या छंदाने करून दाखवले.

फळी लिटरात का, असे कोणी विचारील. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो, हे आपण चौथीत घोकले ते इथे उपयोगी पडते. शंभर लिटरांची फळी पाण्यात पुरी दाबली तर शंभर किलो भार उचलते. त्यातून तिचे स्वतःचे आणि शिडाचे वजन वजा करायचे, उरले ते तुमचे. म्हणूनच या धंद्यातला कुठलाही दुकानदार तुम्हाला सर्वांसमक्ष वजन विचारतो. लग्नाच्या वाटाघाटींतसुद्धा जे कोणी उघड विचारीत नाही, ते इथे मोठमोठ्या बायाबापड्या हसत सांगतात, आणि बहुतेक खरे सांगतात. खोटे सांगितले तर फळी लगेच चहाडी करते.

पुतणीने मला एक काम सांगितले होते. डोलकाठी फळीला जोडणारा एक छोटा भाग अमेरिकेत एका कंपनीचा फार मजबूत मिळतो, तो आणावा. मी तो काउंटरवर ठेवून पैसे काढू लागलो, तेव्हा दुकानातल्या पिकल्या केसांच्या बाई म्हणाल्या, ‘हे कुठे वापरणार?’ मी म्हटले, ‘नेदरलंड्सला.’ त्यांनी तो भाग उचलला आणि शांतपणे मागच्या खोक्यात ठेवून दिला. ‘मग हा उपयोगाचा नाही. आमच्याकडे वाटी, तिकडे खुंटी.’ गोष्ट अशी, की या सांध्याच्या जोडणीत दोन घराणी आहेत. अमेरिकेत पेल्यासारख्या वाटीची रीत रुजली, युरोपात खुंटीची, आणि वाटीला खुंटी जुळत नाही. एवढ्या साऱ्या जगभर पसरलेल्या खेळात अटलांटिक महासागर त्या चार बोटांच्या तुकड्यात भरून राहिला आहे. बाईंनी माझे तीस-चाळीस डॉलर वाचवले आणि वर हूड रिव्हरच्या चेरी खायला दिल्या. मला मालवणचा तो परत फळीवर ठेवलेला सुताचा गुंडा आठवला.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मी नेदरलंड्सला पोहोचलो. पुतणीचे दुकान ब्राउवर्सडॅम नावाच्या बांधाजवळच्या एका खेड्यात. १९५३ सालच्या भीषण समुद्रपुरानंतर डच लोकांनी खाड्यांची तोंडे बंद करायला घेतली, त्यांतला हा एक बांध १९७१ मध्ये पुरा झाला. बांधावरून रस्ता जातो. एका हाताला उत्तर समुद्र, दुसऱ्या हाताला बांधाने अडवलेले खारे सरोवर. एकाच रस्त्याच्या दोन कडांना दोन निराळी पाणी, आणि म्हणून दुकानाचेही दोन भाग. डाव्या भिंतीला लाटांचे सामान: लहान शिडे, आखूड फळ्या, तुटल्या तर बदलता येतील अशा छोट्या फिना. उजव्या भिंतीला सरोवराचे सामान: नऊ चौरस मीटरांपर्यंतची शिडे, रुंद फळ्या, लांब तलवारीसारख्या फिना. दारात उभे राहिले की नकाशा उलगडल्यासारखे वाटे.

पुतणीने या दुकानी भूगोलाचा पुढचा पाठ मला दिला. टेक्सासच्या किनाऱ्याला लागुना माद्रे म्हणून उथळ खाजण आहे, कमरेएवढे पाणी आणि तळाशी समुद्रगवत. तिथे लांब फिन तळाला आपटेल, म्हणून दुकानात आखूड फिना, आणि मागे झुकलेल्या, म्हणजे गवत अडकत नाही, घसरून जाते. इटलीतल्या गार्दा सरोवराच्या उत्तर टोकाला तोरबोले गाव आहे. पहाटे डोंगराकडून ‘पेलेर’ सुटतो, दुपारी दक्षिणेकडून ‘ओरा’ येतो, घड्याळ लावून. ऐकताच मी म्हटले, ‘अगं, हे तर खारे वारे नि मतलई वारे! तीस वर्षे फळ्यावर बाण काढून शिकवले मी!’ स्पेनच्या तारिफ्यात पूर्वेचा ‘लेवांते’ सुरू झाला की दिवसचे दिवस खिडक्या वाजतात. तिथल्या एका मोठ्या रस्त्यावर अशा दुकानांची ओळच आहे. तिथला दुकानदार लहान शिडांवर जगतो. जर्मनीतल्या आतल्या सरोवरांकाठचा मोठ्यांवर. मालाची यादी वाचून गाव ओळखता यावे अशी ही विद्या आहे.

छापांचीही अशीच गावगोत्रे. डचांना या खेळाचे वेड १९७० च्या दशकात लागले ते टेन काटे या कापडगिरणीवाल्या घराण्यामुळे. त्यांनी परवाना घेऊन मूळ अमेरिकन फळ्या हजारोंनी काढल्या. १८९७ पासून शिडे शिवणारे गास्त्रा हे नावही डचच. फ्रान्समध्ये बॉलपेनवाल्या बिक कंपनीने ब्रिटनीतल्या व्हॅन शहरी फळ्यांचा कारखाना काढला. एका पिढीने पहिली अक्षरे आणि पहिली डुबकी एकाच छापाखाली घेतली. मिस्ट्रल हे नाव फ्रान्सच्या दक्षिणेतल्या वाऱ्याचे, पण कंपनी निघाली स्वित्झर्लंडात, जिथे समुद्र नाही! नील प्राइड हा न्यूझीलंडचा माणूस, त्याने १९७० साली हाँगकाँगमध्ये शिडे शिवायला घेतली. जर्मन गिऱ्हाईक म्हणे हातात मासिकातल्या चाचण्यांचे तक्ते घेऊनच येते. तक्त्यात पहिला आलेला छाप त्या वर्षी भिंतीवर टिकत नाही. आणि हवाईतल्या माउई बेटावरचे लोक कोणाचा तक्ता वाचीत नाहीत. शेजारच्या शेडमध्ये फळी घासणारा कारागीर ओळखीचा असला म्हणजे त्यांना पुरे.

हे सगळे ऐकून मी थोडा भारावलो होतो. तेवढ्यात दुकानाच्या म्हाताऱ्या मालकाने एक फळी उलटी करून तिच्या शेपटीजवळची बारीक अक्षरे मला दाखवली. ‘थायलंड’. दुसरी उलटी केली, ‘थायलंड’. तिसरी, तीच. छाप जर्मन असो, ऑस्ट्रेलियन असो की हवाईचा, बऱ्याचशा फळ्या थायलंडच्या चोनबुरी प्रांतातल्या कोब्रा नावाच्या एकाच कारखान्यातून निघतात. तो उभारणारा थाई गृहस्थ स्वतः या खेळाचा वेडा. स्टारबोर्ड हा नावाजलेला छाप तर एका नॉर्वेच्या खेळाडूने १९९४ मध्ये थायलंडमध्येच जाऊन काढला. म्हणजे भिंतीवर एवढे देश टांगलेले, आणि माहेर मात्र एकच!

मला दादाचे दुकान आठवले. आमचे सूतही मुंबईच्या दोन-तीन गिरण्यांतूनच यायचे. गुंड्यांवरची चित्रे तेवढी वेगळी, कोणावर हत्ती, कोणावर गलबत. पण जाळे विणले जाई ते त्या त्या वाडीत, त्या त्या पाण्याच्या हिशेबाने. फळीचेही तसेच. कारखाना एक असला तरी आराखडा काढणारा कुठल्या पाण्यावर फळी चालवून पाहतो, त्यावर तिचा स्वभाव ठरतो. आणि शेवटी ती कोणाच्या हाती, कुठल्या पाण्यासाठी द्यायची, हे ठरवायला दुकानदार लागतो.

याचा एक मासला सांगतो. तिथे येणाऱ्या एका तरुण डॉक्टराने टपालाने स्वस्तात एक डोलकाठी मागवली होती. लांबी बरोबर, कागद बरोबर, पण शीड काही केल्या नीट ताणले जाईना. मधोमध एक सुरकुती कायम. मालकाने ती काठी दोन खुर्च्यांवर टेकवून मध्ये हाताने दाबली आणि मान हलवली. कोणती काठी शेंड्याकडे जास्त लवते, कोणती बुडाकडे, कोणती सारखी. आणि प्रत्येक छापाचे शीड आपापल्या घरच्या लवणुकीला कापलेले असते. दुसऱ्या घरची काठी घातली की अंगरखा दुसऱ्याचा वाटतो. मालकाने डॉक्टराला दुपारपुरती आपली काठी दिली आणि ‘कुठून घेतलीत?’ असे एका शब्दाने विचारले नाही.

तिथल्या एका सकाळी मला या धंद्याचे खरे मोल कळले. पूर्वेचा वारा होता. समुद्र गुळगुळीत, चकचकीत, जणू आरसा. भाड्याची गाडी घेऊन आलेले एक जोडपे समुद्रावर उतरायची तयारी करीत होते, आणि लागणारी एक दोरी घ्यायला दुकानात आले. मालकाने दोरी काढली, पण हातात ठेवून घेतली. ‘कुठल्या बाजूला उतरणार?’ ते म्हणाले, समुद्राकडे. किती शांत आहे! म्हातारा म्हणाला, ‘म्हणूनच नाही. आज वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो. काठाशी लाट दिसत नाही, पण काही मोडले तर तो तुम्हाला इंग्लंडकडे नेईल. पलीकडे सरोवरात जा. तोच वारा तिथे तुम्हाला बांधाकडे परत आणील.’ मग त्याने दोरी दिली. ती दोन माणसे रस्ता ओलांडून पलीकडे गेली. तोच वारा, तोच बांध; दहा पावलांच्या फरकाने वैरी नि सोबती. ती दोरी त्यांना कुठूनही घरपोच मिळाली असती. दोरीबरोबरचे हे वाक्य मात्र कुठल्याच खोक्यात येत नाही.

पण हेही खरे, की या वाक्याचे पैसे कोणी देत नाही. लोक दुकानात येतात, फळीवर हात फिरवतात, तासभर शंका विचारतात आणि रात्री घरी बसून जिथे चार युरो कमी तिथून मागवतात. म्हाताऱ्याने वह्या माझ्यापुढे ठेवल्या. विक्रीत फारसे उरत नाही. दुकान तगते ते दुरुस्तीवर, भाड्याच्या सामानावर आणि शिकवणीवर. शिवाय खेळही बदलतो आहे. फळीखाली पंख लावून पाण्याच्या वरून तरंगत जायचे सामान आता आले आहे, आणि हातात धरायचे फुगीर शीडही. निम्मी भिंत त्यांनी बळकावली आहे. दादाची भीती अगदीच निराधार नव्हती. हे सारे मी मनात टिपून ठेवले, कारण माझ्या कामगिरीला ते पोषकच होते.

ऑलिंपिकमध्ये मात्र या साऱ्या गावगोत्रांना रजा असते. तिथे सर्वांना एकाच छापाचे सामान. १९९६ ला अटलांटाच्या स्पर्धेत हाँगकाँगच्या ली लाई-शानने सुवर्णपदक मिळवले ते मिस्ट्रलच्या फळीवर. पुढे २००८ पासून नील प्राइडची आरएस-एक्स फळी आली, आणि २०२४ ला पंखवाली आयक्यूफॉइल. मी होतो त्याच दिवसांत मार्सेच्या समुद्रावर या शर्यती चालल्या होत्या. दुकानातल्या छोट्या पडद्यावर डच खेळाडूला कांस्यपदक मिळाले तेव्हा गिऱ्हाईक आणि मालक यांत फरक उरला नाही. आपल्या इबाद अलीने हांगझोच्या आशियाई खेळांत २०२३ मध्ये आरएस-एक्सवरच कांस्य मिळवले, हे मी अभिमानाने सांगितले. त्यावर म्हाताऱ्याने विचारले, ‘तुमच्या किनाऱ्यावर अशी दुकाने किती?’

मी गप्प राहिलो. गोव्यात हा खेळ चालतो, मुंबईत लष्कराचे शिडांचे केंद्र आहे. सामान संस्थांच्या गोदामात असते, परदेशातून येते. पण चालता चालता आत शिरावे, आपले वजन सांगावे आणि ‘आज नको’ असे ऐकून परत फिरावे, असे दुकान आमच्या कोकणच्या किनाऱ्यावर माझ्या पाहण्यात नाही. दुपारचा खारा वारा मात्र आमच्याकडेही रोज वेळेवर येतो.

कामगिरी उरकायची म्हणून चौथ्या दिवशी मी वाक्ये जुळवून दुकानात गेलो. पुतणी गिऱ्हाइकात होती. पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा आईबरोबर आला होता. त्याला हवे होते ते मोठ्या खेळाडूच्या सहीचे महागडे शीड. आई पैसे द्यायला तयार. पुतणीने त्याला वजन विचारले, मग आणखी काहीतरी विचारले. डच भाषा मला येत नाही. पण प्रश्न विचारताना तिने डोके किंचित डावीकडे कलते केले आणि बोटाने दाराबाहेर, आधी एका पाण्याकडे, मग दुसऱ्या पाण्याकडे दाखवले. मुलाने सरोवराकडे बोट केले. तिने ते महागडे शीड उचलून परत भिंतीला लावले आणि मागून एक वापरलेले, हलके, लहान शीड काढून त्याच्या हाती दिले. किंमत पहिल्याच्या पावपट. मुलाचा चेहरा उतरला. आईचा मात्र फुलला.

ते दोघे गेल्यावर मी विचारले, ‘काय विचारलंस गं त्याला?’

‘कुठल्या पाण्यात घालणार, म्हणून,’ ती म्हणाली. ‘का हो, काका?’

मी म्हटले, ‘काही नाही.’ आणि जुळवून आणलेली वाक्ये खिशातच ठेवली.

रात्री दादाचा फोन आला. मी त्याला सगळे सांगितले. वह्यांतले आकडेसुद्धा लपवले नाहीत. नफा थोडा, धोका बराच, पोरगी सुखात. शेवटी त्या सोळा वर्षांच्या मुलाची गोष्ट सांगितली. पलीकडे बराच वेळ काही ऐकू आले नाही. वहिनी मागून विचारीत होत्या, ‘काय म्हणाले भावोजी?’ मग दादा म्हणाला, ‘तिका दी फोन.’

मी फोन तिच्याकडे दिला. ती काहीशी घाबरूनच ‘हां बाबा’ म्हणाली. दादाचा आवाज खणखणीत, मला खुर्चीवरून ऐकू आला.

‘गिऱ्हायकाक उधारी देतंस काय गो?’

‘नाय, बाबा.’

‘मग चलात,’ दादा म्हणाला, आणि तिथे आज वारा कुठला आहे ते विचारू लागला.